तळाची फुली

माझे घरमालक कुठल्याही माणसाबद्दल एकच प्रश्न विचारायचे, "फुली दिसते का?" शाळेत नवीन मुख्याध्यापक आले, फुली दिसते का? त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, भाचीला स्थळ सांगून आलं, फुली दिसते का? दूधवाला बदलला, तरी तेच. पहिले आठ दिवस माझी खात्री होती की म्हाताऱ्याच्या डोक्यातला एखादा स्क्रू ढिला झालेला आहे आणि आपल्याला दुसरी खोली बघावी लागणार. मग एका रविवारी ते मला नदीवर घेऊन गेले आणि ती फुली त्यांनी मला दाखवली.

फुली एका नळीच्या तळाशी होती. माझ्या कमरेच्या थोडी वर येईल एवढी उंच, पारदर्शक प्लास्टिकची नळी. खाली घट्ट बूच, बुचावर आतून बसवलेली पांढरी चकती, आणि त्या चकतीवर काळ्या रंगाने काढलेली जाड फुली. नळीत काठोकाठ नदीचं पाणी भरायचं आणि वरून, एक डोळा मिटून, आत बघायचं. फुली दिसली नाही तर तळाजवळच्या तोटीतून पाणी हळूहळू सोडत राहायचं. जिथे फुली पहिल्यांदा दिसेल तिथे थांबायचं आणि नळीत किती उंच पाणी उरलंय ते मोजायचं. पाणी जितकं निवळ, तितकी उंची जास्त. यंत्र एवढंच. ते त्यांनी स्वतः बनवलं होतं आणि उंची ते दोनदा लिहीत, एकदा सेंटिमीटरमध्ये आणि एकदा विती-बोटांत.

"दोनदा कशाला, काका?"

"सेंटिमीटर सरकारसाठी," ते म्हणाले. "वीत गावासाठी. गावाले सेंटिमीटरवर इस्वास नाई."

सेलूहून हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मला हायस्कुलात गणिताची नोकरी लागली होती. मी कऱ्हाडकडची. 'मले-तुले' ऐकून पहिल्या दिवशी वर्गात हसले होते, आणि पोरींनी माझ्या 'मला-तुला'ला हसून पुरतं उट्टं काढलं होतं. काका याच शाळेतून प्रयोगशाळा परिचर म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे परीक्षानळ्या धुणारे, बरण्यांना चिठ्ठ्या लावणारे, विज्ञानाच्या सरांना हवं ते टेबलावर आणून ठेवणारे. शाळेतल्या कुठल्याही बाईला ते 'मॅडम' म्हणत, घरातल्या भाडेकरणीलासुद्धा. मी चार वेळा सांगून पाहिलं की मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे. त्यावर ते म्हणाले, "पोरीच्या वयाच्या असान, पन पोरगी आमाले मॅडम म्हनाले लावते, तुमाले काऊन त्रास होऊन राह्यला?" त्यांची मुलगी अमरावतीला तहसील कचेरीत होती.

खोली द्यायची त्यांची एकच अट होती. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की त्यांच्याबरोबर नदीवर जायचं. दुसरी अट सांगितलेली नव्हती, ती खोलीत शिरल्यावर कळली. तीन भिंतींवर फळ्या होत्या आणि फळ्यांवर बाटल्या. औषधाच्या, सरबताच्या, शाळेतून मोडीत काढलेल्या. प्रत्येकीत नदीचं पाणी, प्रत्येकीवर तारीख आणि जागा. माझे कपडे ठेवायला खाली एक पेटी होती.

"पाणी कुठे जाणार आहे पळून?" मी विचारलं. "ओतून टाकू या ना."

"हालवजा नोका," एवढंच ते म्हणाले. बाटलीच्या तळाला जो गाळ बसतो तोही त्यांना बघायचा असे, आणि गाळ बसायला बाटली शांत उभी राहावी लागते. त्या खोलीत राहिले तोवर मी पाय न आपटता चालत होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तुला खोली मिळाली आहे की पाण्याला?

शाळेतले जुने लोक त्यांच्याबद्दल हसून बोलत. विज्ञानाचे एक सर मला म्हणाले, की तीस वर्षं माणूस तोंडातून शब्द काढत नव्हता, निवृत्त झाला आणि वैज्ञानिक झाला. ते मी काकांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. काकांना राग आला नाही. "बरोबर हाय त्यायचं," ते म्हणाले. "तीस वर्षं दुसऱ्यायचे प्रयोग धुतले. पोट्टे उत्तर आधी लिहीत अन् प्रयोग नंतर करत. सर सही करत. मी नळ्या धूत होतो अन् पाहत होतो. तवाच ठरवलं, एक प्रयोग आपला करीन. त्याचं उत्तर आधी मले माहीत नसन."

घरात खोडरबर आणायला बंदी होती. चुकलं तर लाल शाईने एक सरळ रेघ, खालचं वाचता यावं अशी, आणि बाजूला चूक कशी झाली ते. काकूंचा किराण्याचा कागदसुद्धा यातून सुटत नसे. 'साखर' खोडून 'गूळ' केलं तर बाजूला 'पाहुणे येणार नाहीत' असं लिहावं लागे. काकू वैतागून म्हणत, "सगळ्यायच्या घरी पंचशील हाय, आमच्या घरी एकच शील हाय. खोटं नाई. बाकीच्या चारले ह्यायनं सुट्टी देली."

त्यांच्या खिशात एक ड्रॉपर असे आणि एका लहान बाटलीत साबणाचं पाणी. कुठल्याही पाण्यात मोजून दहा थेंब टाकायचे, बाटली हलवायची आणि फेस किती वेळ टिकतो ते बघायचं. नदीच्या पाण्याला भराभर फेस येतो. हापशीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात, त्याला येत नाही. समुद्रपूरला काकूंच्या नात्यातल्या एका लग्नात भर मांडवात त्यांनी हा प्रयोग केला. पाण्याचा पेला हलवून वधूपित्याला म्हणाले, "बोअरचं पानी हाय जी. डाळ शिजनार नाई." वधूपिता आधीच घामाघूम. तो म्हणाला, जेवायला आलात का तपासणीला? काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवशी पंगत दीड तास खोळंबली, कारण खरोखरच वरणाची डाळ शिजत नव्हती. परतीच्या एसटीत काकू पुढच्या बाकावर जाऊन बसल्या, आणि काका अपराधी चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत बसले, पण त्यांच्या मिशीत हसू होतं हे मी पाहिलं.

आता गवताचं सांगायला हवं, कारण हा माणूस पाण्याकडून गवताकडे गेला तो त्या नळीमुळेच.

गावाच्या वरच्या अंगाला गायरानाची टेकडी आहे, उतरती, थेट नदीपर्यंत. तिच्यावरून दोन नाले येतात, एक वरच्या अर्ध्या भागाचं पाणी आणतो, दुसरा खालच्या. पूर्वी सगळ्या टेकडीवर गवत होतं. मग कधीतरी वरच्या अर्ध्या भागात झाडं लावायला ओळीने खड्डे खणले गेले. रोपं एका उन्हाळ्यात वाळली. खड्डे राहिले, गवत गेलं आणि त्या जागी रायमुनिया, म्हणजे आमच्याकडची घाणेरी, आणि रानतुळस माजली, ज्यांना गुरं तोंड लावत नाहीत. खालच्या अर्ध्या भागात मात्र गवत टिकलं. पावसाळ्यात काका दोन्ही नाल्यांचं पाणी नळीत घालायचे. खालच्या नाल्याची फुली अर्ध्या नळीला दिसायची. वरच्या नाल्याची दिसायची चार बोटांवर, तीही नशीब असेल तर. गवत माती धरून ठेवतं हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगायची गरजच पडली नाही.

त्यांना गवतातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे ते स्वतः सांगत. ते शिकवलं एका म्हाताऱ्या गवळ्याने. त्याच्याकडे पांढऱ्या गवळाऊ गाई होत्या, आणि सारं गाव त्याला बुढा म्हणे. काका वही घेऊन त्याच्या मागे हिंडत. ही मारवेल, हा पवन्या, ही कुसळी, ही तिखाडी, हिच्या वासाने डास पळतो. बुढा काकांपेक्षा दहा वर्षांनी मोठा, सही अंगठ्याची, आणि काका त्याला 'सर' म्हणत. मला ते आधी गमतीचं वाटलं. नंतर कळलं की आयुष्यात त्यांनी मनापासून 'सर' म्हटलेला तो एकच माणूस असावा.

दिवाळीच्या सुमारास दोघं गवताचं बी गोळा करीत आणि काकूंच्या उशांच्या जुन्या अभ्र्यांत भरून ठेवीत. कुसळीची कुसळं अभ्र्यातून बाहेर येत आणि घरातल्या प्रत्येक कपड्यात शिरत. माझ्या ओढण्यांत, वर्गाच्या हजेरीपटात, एकदा तर मुख्याध्यापकांच्या खुर्चीत. जूनच्या आधी ते बी मातीत कालवून वरच्या उतारावर टाकायचं आणि रायमुनिया मुळापासून उपटायची. दोन म्हातारे किती उपटणार? एका पावसाळ्यात खोलीएवढी जागा मोकळी होई. "एवढ्यानं काय होणार, काका?" मी एकदा म्हणाले. त्यांनी सरळ उत्तर दिलं, "एवढ्यानं एवढं होते."

आता मी माझ्या लाल रेघेवर येते. ही गोष्ट त्या गावाबाहेर मी फार जणांना सांगितलेली नाही, पण तिच्याशिवाय काकांचं चित्र पुरं होत नाही.

त्यांच्या वहीत पाच रकाने होते. तारीख, जागा, उंची, फेस, आणि शेवटचा 'डोळे'. म्हणजे त्या दिवशी फुली कोणी बघितली. मी यायच्या आधीच्या पानांवर त्या रकान्यात 'स्वतः' असं होतं. मी आल्यापासून 'मॅडम'. मला वाटे, माझा मान ठेवतात. पहिल्या रविवारपासूनच ते पाणी भरत, तोटी धरत, आणि वरून बघायचं काम मला देत. "तुमचे डोळे तरने हायेत," असं म्हणत. शाळेत पोरं मला चळाचळा कापत आणि इथे मी एका फुलीकडे बघून 'थांबा, थांबा, हां, दिसली' असं ओरडत असे. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी काका नागपूरला दवाखान्यात गेले होते आणि मला एकटीने नदीवर जायचं होतं. थंडी मी म्हणत होती. घटक चाचणीचे पेपर तपासायचे पडले होते. नदी अर्ध्या तासावर आणि शाळेजवळची हापशी दोन मिनिटांवर. मी बाटली हापशीवर भरली, मागच्या रविवारची उंची बघून एक बोट इकडे-तिकडे केलं आणि वहीत लिहून टाकलं. कुणाचं काय बिघडणार होतं? नदी काय एका आठवड्यात बदलणार होती? असं मनाशी म्हणून मी पेपर तपासायला बसले, आणि त्यात एका पोरीने शेजारणीचं बघून लिहिलेलं गणित मी पकडलं आणि तिला शून्य दिलं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले तर काका माझ्या खोलीच्या दारात ती बाटली घेऊन उभे. त्यांनी ती कानाजवळ नेऊन हलवली.

"मॅडम, हे पानी फेस करून नाई राह्यलं."

मी काहीतरी पुटपुटले, साबण कमी पडला असेल, थंडी आहे.

"दोनदा पाह्यलं. हे हापशीचं हाय." आवाज चढलेला नव्हता. मला तो चढायला हवा होता. "थंडी होती त नाई जाचं होतं. रकाना रिकामा ठेवाचा. रिकाम्या रकान्याले कोन काय म्हनते?"

मी रडायलाच लागले. मग ते उंबऱ्यावर बसले आणि एका बाजूला बघत त्यांनी मला जे सांगितलं ते काकूंशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. त्यांना काचबिंदू होता. कडेकडेने अंधार आत सरकत होता. डॉक्टर म्हणाले होते की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवायची. मी आले त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांना नळीच्या तळाची फुली दिसेनाशी झाली होती. तीन रविवार त्यांनी रकाने कोरे सोडले होते.

"मंग खोली भाड्यानं देली," ते म्हणाले. "आमाले भाडेकरू नोको होता, मॅडम. डोळे पाह्यजे होते."

त्यांनी वही उघडली, पान डोळ्यांपाशी नेलं, माझ्या ओळीवरून लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'पाणी नदीचं नाही. नोंद खोटी.' शेवटच्या रकान्यातलं 'मॅडम' तेवढं मी लिहायचंच विसरले होते. तो रकाना त्यांनी तसाच कोरा ठेवला. पुढच्या रविवारी दारावर टकटक झाली, नेहमीच्याच वेळी. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही. मी त्या पोरीला वर्गात बोलावून गणित पुन्हा सोडवायला दिलं, एवढंच मला सुचलं.

पुढच्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत टेकडीचा विषय आला. खालच्या उतारावरही, म्हणजे जिथे गवत शिल्लक होतं तिथे, वृक्षारोपण करायचं ठरत होतं. सरपंचबाई तरुण होत्या, कामाच्या होत्या, आणि गाव हिरवं व्हावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांच्यावर मी राग धरत नाही. खड्डे खणायला उपसरपंचांचा जेसीबी येणार होता. काकांना ही बातमी आठवडाभर आधी कळली आणि त्या आठवड्यात ते नीट जेवले नाहीत. खालचा उतार खणला गेला असता तर दोन्ही नाले सारखेच झाले असते. इतक्या वर्षांचा एकच प्रयोग, तोही तिथेच संपला असता. पण त्याहून मोठी काळजी त्यांना बियाची होती. वरच्या उताराला पेरायचं बी सगळं खालच्या उतारावरूनच येत होतं. "आई मारून लेकरू कोन वाढवते?" असं ते त्या आठवड्यात काकूंना, मला आणि एकदा माठालाही विचारताना मी ऐकलं.

सभा समाजमंदिरात होती. झेंडावंदन करून आलेले लोक, पांढरे सदरे, पुढे माझ्याच वर्गातल्या पोरींचे आईबाप. काका उठले. झाडाला विरोध करणारा माणूस म्हटल्यावर हशा आधीच तयार होता. त्यांनी वही समोर धरली आणि एकेक तारीख, एकेक उंची सांगायला लागले, खणखणीत आवाजात. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला कौतुक वाटत होतं. तेवढ्यात उपसरपंच खुर्चीत पुढे झुकले.

"काका, वही उलटी धरली हाय जी तुमी."

खरोखरच उलटी होती. सगळं पाठ होतं त्यांचं. आधी कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि मग हळूहळू हसू थांबलं, कारण काकांनी वही सुलट केली नाही. त्यांना ती सुलट कोणती ते कळत नव्हतं.

"दिसतच नाई त मोजलं कायनं?" उपसरपंच म्हणाले. ते दुष्ट नव्हते, पण हातात आलेलं सोडणारेही नव्हते. त्यांनी येऊन वही घेतली, पानं उलटली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. "हे पाहा. इथं त सोताच लिहून ठेवलं, नोंद खोटी म्हनून. एक खोटी त बाकीच्यायचा काय भरोसा?"

"ते पान खोटं नाई," काका म्हणाले. "त्या दिवशीचं पानी खोटं होतं."

"कोनं आनलं होतं?"

"ते मी नाई सांगनार."

सरपंचबाई म्हणाल्या, "सांगा न जी काका. सांगतलं नाई त आमी काय समजाचं?"

"जे समजाचं ते समजा. नाव नाई सांगनार." एक नाव सांगितलं असतं तर वही वाचली असती, टेकडी वाचली असती. ते त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. आणि ते तसेच, उघड्या पडलेल्या आंधळेपणासकट, उभे राहिले.

मी उठले. "पाणी मी आणलं होतं," मी म्हणाले. माझ्या वर्गातल्या पोरींच्या आया वळून बघायला लागल्या. मुख्याध्यापक बघायला लागले. मी सगळं सांगितलं. हापशी, थंडी, पेपर, मागच्या आठवड्याची उंची. "त्या दिवशी काका गावात नव्हते. त्यांना दिसत नाही हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तरी माझं खोटं त्यांनी दुसऱ्याच दिवशी पकडलं, साबणाच्या दहा थेंबांनी, आणि लाल शाईने लिहून ठेवलं. मी गणित शिकवते. तुमच्या मुली माझ्याकडे शिकतात. ज्या वहीत माझं खोटं टिकलं नाही, त्या वहीत दुसरं कुणाचं टिकेल असं मला वाटत नाही. आणि तुम्हाला वाटत असेल, तर दोन्ही नाले आत्ता वाहताहेत. नळी घरी आहे."

मी बसले. सभेत कुजबूज सुरू झाली आणि तेवढ्यात कोपऱ्यातून बुढा गवळी म्हणाला, "चाला न मंग. बसून काय पाहून राह्यले?"

आणि झेंडावंदनाच्या पांढऱ्या कपड्यांतली ती सभा चिखल तुडवत टेकडीवर गेली. नळी काकूंनी आणली होती, डोक्यावर पदर घेऊन, एखादी मोठी सुरई आणावी तशी. खालच्या नाल्याचं पाणी भरलं. सरपंचबाईंनी एक डोळा मिटून बघितलं, तोटी थोडी सोडली, आणि अर्ध्याच्या थोडं वर त्या ओरडल्या, "दिसली जी, दिसली!" मग वरचा नाला. पाणी सोडत सोडत नळी जवळजवळ रिकामी झाली तेव्हा कुठे फुली दिसली. उपसरपंचांना काही पटेना. त्यांनी स्वतः पाणी भरलं, स्वतः ओतलं, नाले अदलाबदल केले, तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा ते वाकले ते बराच वेळ वाकूनच राहिले.

"साल्या खड्ड्यायची माती हाय ही सगळी," ते शेवटी म्हणाले. मग काकांकडे न बघता, "जेसीबी मी परत पाठवतो."

झाडं शाळेभोवती आणि रस्त्याच्या कडेला लावायची ठरली. खालचा उतार जसाच्या तसा ठेवायचा आणि वरच्या उताराला कुंपण घालून, चराई बंद करून तिथे गवत आणायचं. बुढ्याने आपल्या गाई तिकडे जाणार नाहीत असं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्याच्यासाठी ती काही लहान गोष्ट नव्हती. दर ग्रामसभेत वही मोठ्याने वाचायची असंही ठरलं. ही अट काकांची होती.

घरी आल्यावर काकूंनी चहा टाकला. काकांनी वही माझ्यासमोर ठेवली. "लाल रेघवालं पान काढा," ते म्हणाले. "शेवटचा रकाना रिकामा हाय. आता भरा." मी निळ्या पेनने माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. त्यांनी बोट फिरवून शाई लागते का ते बघितलं आणि चहा ओतून घेतला.

दोन वर्षांनी मला कऱ्हाडकडे नोकरी मिळाली आणि मी ती खोली सोडली. बाटल्या अजून तिथेच आहेत, असं काकू फोनवर सांगतात. वहीच्या शेवटच्या रकान्यात आता निरनिराळी नावं असतात. माझ्या जुन्या पोरींची, सरपंचबाईंचं, एका पावसाळ्यात तर सलग चार रविवार उपसरपंचांचं. बुढा गेला. त्याच्या गाई नातू राखतो आणि कुंपणाबाहेर राखतो.

गेल्या ऑगस्टमध्ये मी मुद्दाम गेले. काकांना आता उजेड-अंधार एवढाच कळतो. तरी टेकडीवर ते माझ्यापुढे चालत होते आणि वाकून हाताने गवत ओळखत होते, ही मारवेल, हा पवन्या. वरच्या उतारावर गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं. मध्ये मध्ये रायमुनिया होतीच. त्यांनी मला वाटेत सांगितलं होतं, की वरच्या नाल्याची फुली ज्या दिवशी अर्ध्या नळीला दिसेल त्या दिवशी ते नळी खुंटीला टांगणार आणि रविवारी वंदनेनंतर घरी जाऊन झोपणार.

त्यांनी पाणी भरलं, अर्ध्यावर बोटाने खूण धरली आणि तोटी सोडली. पाणी त्यांच्या बोटाशी आलं तेव्हा थांबले.

"मॅडम. फुली दिसते का?"

मी वाकून बघितलं. तळाशी काहीतरी काळसर होतं. फुली आहे असं म्हटलं असतं तर म्हणता आलं असतं. त्यांचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता, आणि मला त्यांना 'हो' म्हणायची इतकी इच्छा कधीच झाली नव्हती.

"नाही, काका."

त्यांनी तोटी पुन्हा सोडली. थोडं पाणी गेलं आणि चकतीवर काळ्या दोन रेघा एकमेकींना छेदून उमटल्या.

"आता दिसली. तीन बोटं कमी आहे अर्ध्याला."

"पक्कं?"

"पक्कं."

"लिहा मंग," ते म्हणाले, आणि नळीतलं पाणी गवतात ओतून देऊन ती त्यांनी खांद्यावर टाकली. "अन् दिवाळीले येजा. बी काढाचं हाय. तीनच बोटं राह्यली."